दिवाळीत फराळ उतू जातो आणि भाऊबीजेनंतर चूल विझते : रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी काय करता येईल?

केतकी_पुणे

दसरा झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले असतात: फराळाची पाकिटं कुठे वाटायची आणि जुने कपडे कुणाला द्यायचे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच विचारायचे. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बारा डबे भरले आणि आमच्या भागातल्या उड्डाणपुलाखाली गेले. पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी एक आजी राहतात. बहात्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर जालन्याकडून आलेल्या. मी डबा पुढे केला तर त्यांनी शेजारचं पोतं उघडून दाखवलं. त्यात नऊ डबे होते. चिवडा, लाडू, शंकरपाळी, पुन्हा लाडू.

आजी म्हणाल्या, "बाई, ग्वाड लई झालं. दात न्हाईत, चकली कुटून खावी लागतीया. भाकर आसंल तर दे. आन् आज नगं यिऊ, भाऊबीज झाल्यावर ये. तवा कुत्रं बी फिरकत न्हाई."

मला ते ऐकून फार लागलं. तरी दुसऱ्या दिवशी परत जाऊन नीट विचारलं, भाऊबीजेनंतर नेमकं काय होतं? त्यांनी आणि त्यांच्या सुनांनी जे सांगितलं ते तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. या लोकांचं पोट शहराच्या चालू असण्यावर असतं. दिवाळीत मजूर गावी जातात, म्हणून बांधकामं बंद. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी माणसं उभी राहतात, पण बोलवायला कुणी येत नाही. वडापावच्या आणि पोह्यांच्या गाड्या बंद, त्यामुळे दहा-वीस रुपयांत भागणारं जेवणही नाही आणि त्या गाड्यांवर भांडी घासायचं कामही नाही. खानावळी बंद. भंगाराचं दुकान बंद, म्हणजे दिवसभर वेचलेलं पोत्यातच राहतं. गजरेवाल्यांचा धंदा पाडव्यापर्यंत जोरात असतो आणि मग एकदम पडतो. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, तोवर केटररकडेही काम नसतं. थोडक्यात, ज्या चार दिवसांत आपण डबे घेऊन धावतो त्या चार दिवसांत त्यांच्याकडे खायला असतं, आणि पुढचे दहा-अकरा दिवस वर्षातले सगळ्यात कोरडे.

तेव्हापासून आम्ही तीन घरं मिळून एकच काम करतो. भाऊबीजेच्या संध्याकाळपासून द्वादशीपर्यंत अकरा संध्याकाळी पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा. माणसं साधारण ४६. रोज शंभर भाकरी लागतात. त्या आमच्याच भागातल्या एका बचत गटाकडून घेतो, पंधरा रुपयाला एक. म्हणजे दिवसाला दीड हजार, अकरा दिवसांचे साडेसोळा हजार. पिठलं आणि ठेचा आम्ही घरी करतो. सोसायटीतल्या फराळाच्या पाकिटांवर याहून जास्त खर्च व्हायचा.

यंदाची तयारी सुरू करतेय. तुमच्या गावात, शहरात तुम्ही काय करता, काय चुकलं, काय जमलं ते लिहा. मला शिकायचं आहे.

---

मुळशीकर

केतकी, आजींचं वाक्य वाचून थांबलो. आमचा अनुभव अंघोळीचा.

आमच्या मित्रमंडळींनी एका वर्षी स्टेशनजवळच्या कुटुंबांना उटणं आणि मोती साबण वाटला. नरकचतुर्दशीला पहाटे बघतो तर साबण तसेच. एका बाईंनी सरळ विचारलं, "दादा, साबण दिला, न्हायचं कुठं?" बाप्ये नळावर अंघोळ करतात. बायका रात्री दोन वाजता साडी गुंडाळून कशीबशी अंगावर पाणी घेतात. स्वच्छतागृहात अंघोळीचे पैसे पडतात, आणि घरात चार पोरं असली की तो खर्च रोज परवडत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही साबण आणलाच नाही. पैसे देऊन वापरायच्या स्वच्छतागृहाचा जो चालक आहे त्याला भेटलो, पन्नास अंघोळींचे पैसे आगाऊ दिले आणि पहाटे चार ते आठ बायकांची बाजू फक्त यांच्यासाठी ठेवायला सांगितलं. गरम पाण्यासाठी शेजारच्या चहावाल्याने त्याचं मोठं पातेलं आणि शेगडी दिली. टॉवेल, खोबरेल तेल, फणी, आणि आमच्यातल्या एका वहिनींनी आठवणीने आणलेले सॅनिटरी पॅड. ते पॅड सगळ्यात आधी संपले.

एक बाई पाऊण तास आत होत्या. बाहेर रांग लागली तरी कुणी दार वाजवलं नाही. बाहेर आल्या तेव्हा केस मोकळे, पाण्याने जड झालेले. म्हणाल्या, आषाढानंतर आज डोक्यावरून न्हाले.

आता आम्ही दिवाळीपुरतं न ठेवता दर रविवारी वीस अंघोळींचे पैसे भरतो. चालकाकडे वही असते, तो फक्त खुणा करतो. नाव विचारत नाही.

---

स्पष्ट_बोलू

तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण मनापासून पडलेला प्रश्न विचारतो. रस्त्यावर जेवण, रस्त्यावर कपडे दिले की माणूस रस्त्यावरच राहतो, असं नाही का होत? सरकारची निवारा केंद्रं आहेत. तिथे जायला सांगणं जास्त योग्य नाही का? माझे वडील मुंबईत आले तेव्हा फुटपाथवर झोपले, पण दोन वर्षांत खोली केली.

---

वैशाखी

स्पष्ट_बोलू, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी नऊ वर्षं बेघरांच्या निवाऱ्याच्या कामात आहे.

आधी आकडा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसं मोजली गेली. त्यातली २ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती, उत्तर प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक. नुसत्या बृहन्मुंबईत ५७ हजारांहून जास्त. ज्याने रात्री मोजणी केलीय त्याला ठाऊक आहे की किती माणसं नजरेतून निसटतात: गोदामात झोपणारा राखणदार, देवळाच्या मागचा म्हातारा, पोलिसांच्या भीतीने उठून गेलेली बाई.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, आणि तो वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडा हवा. तो खटला मुळात अन्नाच्या हक्काचा होता. उपाशी माणूस थंडीत आधी मरतो, म्हणून न्यायालयाने निवाऱ्याचा विचार त्यातच केला. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा ही स्वतंत्र योजना आली. एका माणसामागे पन्नास चौरस फूट जागा, स्वयंपाकघर, पाणी, शौचालय असे निकष त्यात लिहिलेले आहेत.

मग माणसं जात का नाहीत? मी ज्यांना विचारलं त्यांची कारणं सांगते. नवराबायको आणि मुलं एकत्र राहू शकतील अशा जागा फार थोड्या. पुरुषांचा निवारा एकीकडे, बायकांचा दुसरीकडे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आईबरोबर ठेवत नाहीत. सामान ठेवायला कुलूप नाही. पहाटे चारला फुलबाजारात पोचायचं तर निवारा बाजारापासून दोन बसेस लांब. कुठे ओळखपत्र मागतात, आणि ते हरवलेलं असतं. ही कारणं ऐकल्यावर मलाही वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर पुलाखालीच राहिले असते.

आणि ही माणसं काम करत नाहीत हा समज मनातून काढा, एवढी विनंती. आपल्या दारावरचं तोरण, गाडीचा हार, पूजेची झेंडूची फुलं, लग्नातल्या जेवणाची भांडी, रद्दी आणि प्लॅस्टिक वेगळं करणं, या सगळ्यामागे त्यांचेच हात आहेत. तुमच्या वडिलांना दोन वर्षांत खोली करता आली कारण तेव्हा मिळणाऱ्या पगारात कुठेतरी एक खोली बसत होती. आज हार ओवून मिळणाऱ्या पैशात पागडी सोडा, झोपडपट्टीतली अनामत रक्कमही बसत नाही.

आणखी एक. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या माणसाच्या मनात मात्र तो कायदा आहेच. गणवेशातलं कुणी आलं की पोरं उचलून बायका पळतात. तुम्ही 'निवाऱ्यात चला' म्हणालात की त्यांना आधी पकडून नेणारी गाडी आठवते. म्हणून पहिल्या भेटीत निवाऱ्याचं नाव काढू नका. आधी दोन-चार वेळा नुसतं जा, बसा, चहा प्या. नंतर 'मी येतो बरोबर, जागा बघून येऊ, आवडली नाही तर परत येऊ' म्हणा. माझ्या अनुभवात बरोबर जाण्याने माणूस आत पाऊल टाकतो. पत्ता लिहून दिल्याने टाकत नाही.

---

स्पष्ट_बोलू

वैशाखी, मुलाला आईपासून वेगळं ठेवतात हे मला माहीत नव्हतं. ते वाचून माझं मत हललं. माझ्या ऑफिसजवळच एक निवारा आहे, या आठवड्यात स्वतः जाऊन बघतो.

---

परळकर

मी टाटा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो. आमच्याकडचे बेघर वेगळे. ते बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, कोकण कुठूनही आलेले असतात. गावात घर असतं, शेत असतं किंवा उपचारासाठी विकलेलं असतं. हॉस्पिटलच्या पुढच्या तारखेपर्यंत जायचं कुठे, म्हणून फुटपाथवर चटई. बाप ताप आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन, वर निळं प्लॅस्टिक.

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं होतं. दादरची त्यांची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आसरा देते. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी आहे तसंच 'बेघरांना आसरा' हेही आहे. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी. आमच्या गल्लीतले काही लोक दरवर्षी त्या दिवशी झाडू घेऊन फुटपाथ साफ करतात आणि मग तिथल्याच माणसांबरोबर जेवतात. पण जागा मोजक्या आणि माणसं रोज नवी.

दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

पहिली: किमो चालू असलेल्या पेशंटला बाहेरचं उघडं अन्न, कापलेली फळं, कालचा फराळ कृपा करून देऊ नका. त्यांची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. आपण प्रेमाने दिलेल्या भेळीने माणूस पुन्हा वॉर्डात जाऊ शकतो. विचारा, "डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय?" बहुतेकांना हवी असते स्वयंपाकाची सोय. मी एका कुटुंबाला दिवाळीत छोटी शेगडी आणि प्रेशर कुकर दिला. ते बंगालमधल्या मालद्याचे होते. त्या माउलीने कुकर कपाळाला लावला. स्वतःच्या हाताने मुलीला गरम, मऊ भात शिजवून घालता येणं हीच त्यांची दिवाळी होती.

दुसरी: रक्त. दिवाळीत आणि मे महिन्यात रक्तपेढ्यांत टंचाई असते, कारण कॉलेजं बंद आणि लोक गावी. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. फुटपाथवर राहणाऱ्या बापाला डॉक्टर म्हणतात, डोनर घेऊन या. त्याचं या शहरात कोण आहे? मागच्या वर्षी पाडव्याच्या सकाळी मी आणि तीन मित्र जाऊन देऊन आलो. पाच-सहा तासांचं काम, एक पैसा खर्च नाही. या दिवाळीत निदान एक दिवस तुमच्या शहरातल्या रक्तपेढीला द्या.

---

केतकी_पुणे

परळकर, रक्ताचं कधी मनातच आलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर टाकलं, सात जणांनी नावं दिली.

---

नंदिनी_एडिसन

मी न्यू जर्सीत पंधरा वर्षं राहते. केतकीच्या आजींनी जे सांगितलं ते इथेही शब्दाशब्दाने खरं आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी आमच्या गावच्या अन्नछत्रात वाढपी म्हणून उभं राहायला आधी नाव नोंदवून वाट बघावी लागते, इतकी माणसं येतात. ख्रिसमसला तेच. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर बर्फ असताना, कांदे चिरायला दोन माणसं.

इथे जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत एका रात्री देशभर बेघरांची शिरगणती होते. २०२४ मध्ये ७,७१,४८० माणसं मोजली गेली, आदल्या वर्षीपेक्षा अठरा टक्के जास्त. मी एकदा मोजणीला गेले होते. मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपलेलं कुटुंब. मागच्या सीटवर शाळेचं दप्तर, काचेवर वाफ. बाई म्हणाली, माझी शिफ्ट सहाला सुरू होते, लवकर विचारा.

पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू लागला की काउंटी 'कोड ब्लू' जाहीर करते आणि ऊब मिळण्याची ठिकाणं रात्रभर उघडी राहतात. पण तिथपर्यंत पोचवायला गाडी लागते. आमच्या मराठी मंडळाच्या आम्ही आठ जणांनी तेच काम घेतलंय. त्या रात्री दोन गाड्या तयार ठेवायच्या. गाडीत पायमोज्यांचे जोड. कोट सगळे देतात, पायमोजे कुणी देत नाही, आणि भिजलेल्या पायमोज्यांनी बोटं जातात.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही नावं मागितली, पण तारखा जानेवारी-फेब्रुवारीच्या ठेवल्या. उत्साह दिवाळीत असतो, तेव्हा शब्द घ्यायचा आणि काम थंडीत करून घ्यायचं.

---

गावडॉक्टर

थोडं वैद्यकीय.

पाय बघा. मधुमेह असलेल्या माणसाला लागलेलं कळत नाही, जखम चिघळते. बूट देण्याआधी माप विचारा. घट्ट बूट चपलेहून वाईट. दारूने थंडीत ऊब येते हा गैरसमज आहे. त्वचेला उबदार वाटतं पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. थंड पडलेला, बडबडणारा किंवा न उठणारा माणूस 'प्यालाय' म्हणून ओलांडून जाऊ नका. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत थांबा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. मात्र ते बँक खात्यात येतात, आणि खातं नसतं. तिथे तुमची मदत लागते. फराळापेक्षा कितीतरी जास्त.

स्वतःशी बोलत फिरणारा, केसांच्या जटा झालेला माणूस दिसला तर त्याला वेडा म्हणू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देऊन आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. १४४१६ ही टेलिमानसची मोफत मदतवाहिनी आहे, तिथे कसं वागावं ते विचारता येतं. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. डॉ. भरत वाटवानी यांना याच कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरचे लोक कित्येकदा वर्षानुवर्षं शोधत असतात. गोळ्या सुरू झाल्यावर एक दिवस तो माणूस गावाचं नाव सांगतो.

---

दोघांची_आई

माझी मुलं नऊ आणि बारा वर्षांची आहेत. त्यांना घेऊन जावं असं वाटतं, पण त्या मुलांना कसं वाटेल याचीही भीती वाटते. काय करू?

---

केतकी_पुणे

जरूर न्या, पण तुमच्या मुलांच्या हातून वाटप करू नका. एक मूल देतंय आणि त्याच वयाचं दुसरं हात पसरतंय, हे दोघांच्याही मनात चुकीचं बसतं. फोटो तर अजिबात नको. एका ताईने मला सांगितलं होतं, तिचा फोटो कुणीतरी टाकला आणि तो गावात तिच्या दिरापर्यंत पोचला. गावात सगळ्यांना वाटत होतं ती पुण्यात खोली घेऊन राहते.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते. ती दहा वर्षांची असताना माझ्याबरोबर आली आणि कंटाळून बसली होती. खांबाच्या मागे एक मुलगा फुटपाथच्या खोदकामातली माती आणून किल्ला करत होता. हिने बघितलं आणि म्हणाली, "बुरूज असा पडेल, आत वीट ठेव." पुढचे दोन तास दोघं मातीत. दुसऱ्या दिवशी तिने घरून मावळे आणले आणि हळीव पेरायला आणला. त्याने सांगितलं की हळीव रात्री भिजवून टाकला तर लवकर उगवतो. तिला ते ठाऊक नव्हतं.

मुलांना खेळायचं काहीतरी घेऊन जा. बाकीचं ती बघतात.

---

शाळामास्तर

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, आणि बऱ्याच शिक्षकांप्रमाणे मतदार यादीचं काम माझ्याकडे असतं. दिवाळीच्या आगेमागे बहुतेक वेळा यादीचं पुनरीक्षण चालू असतं, म्हणून लिहितो.

बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. अर्ज क्रमांक ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. राहण्याचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. आम्ही रात्री त्या जागी जायचं आणि तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. एका रात्रीवर भागत नाही, पुन्हा जावं लागतं.

एका तालुक्याच्या गावी बसस्थानकाशेजारी एक हमाल राहत होते. मी पहिल्या रात्री अकरा वाजता गेलो. ते जागेच होते, माझी वाट बघत. अंथरूण झटकून ठेवलेलं, उशाला वीट, विटेवर धुतलेला पंचा. म्हणाले, "साहेब, येणार म्हणालात म्हणून दाढी केली." दुसऱ्या वेळीही तसंच. कार्ड आलं तेव्हा मी नेऊन दिलं. त्यांनी ते वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "यात माझा पत्ता लिवलाय का?" लिहिलेला होता: बसस्थानकाजवळ. पुढे त्याच कार्डावर बँकेचं खातं निघालं.

तुमच्याकडे दिवाळीची सुट्टी असेल तर एक संध्याकाळ पुलाखाली बसून अर्ज भरून द्या. अक्षर चांगलं असलं म्हणजे झालं. आणि कागद ठेवायला चेन असलेली प्लॅस्टिकची पिशवी द्या. पावसात सगळ्यात आधी कागद जातात.

---

केतकी_पुणे

मास्तर, कागदांवरून पांघरुणांचं आठवलं. आम्ही पहिल्या वर्षी जाड गोधड्या दिल्या. आठवड्याने गेलो तर एकही दिसेना. सामान उचलणारी गाडी आली होती. माणसं कामाला गेलेली असताना बोचकी भरून नेली. एका मुलीची शाळेची वही आणि रेशनकार्डही त्यात गेलं. तेव्हापासून हलकी, घडी करून पिशवीत मावेल अशी चादर, खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा आणि खांद्याला लावायची मजबूत पिशवी देतो. देतो तेही डिसेंबरच्या मध्याला, कारण पुण्यात खरी थंडी तेव्हा पडते. पारा दहाच्या खाली गेला की पुलाखालचं काँक्रीट बर्फासारखं होतं.

---

केतकी_पुणे

तुळशीचं लग्न झालं, म्हणून काय झालं ते लिहिते.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी नदीकडच्या बाजूने वीस-बावीस माणसं आली, भाकरी संपल्या, थोडी ओढाताण झाली. चूक आमची होती. पलीकडच्या लोकांना आम्ही कधी मोजलंच नव्हतं. चौथ्या दिवसापासून दीडशे भाकरी केल्या. पैसे परळकरांच्या ओळखीतल्या एकांनी आणि आमच्या सोसायटीतल्या तीन घरांनी भरले. रक्त द्यायला सातपैकी पाच जण गेले. मुळशीकरांचं ऐकून अंघोळीचं ठरवलं, यंदा चोवीसच बायकांची सोय झाली. अर्ज क्रमांक ६ चे अकरा भरले.

सातव्या दिवशी दुपारी बचत गटाच्या ताईंचा फोन आला, ताप भरलाय, आज जमणार नाही. दीडशे भाकरी ऐनवेळी कुठून आणायच्या? पिठाचा डबा गाडीत टाकून मी तशीच पुलाखाली गेले, विचार होता पाव आणायचे. आजींनी डब्याकडे बघितलं. "पीठ हाय ना? मग रडतीस कशाला? विटा लाव." तीन विटांची चूल, लाकडं फर्निचरवाल्याकडची, परात शेजारच्या हारवालीची. आजी आणि दोन्ही सुना अडीच तास थापत होत्या. सत्तरएक भाकरी झाल्या, उरलेल्यांना पाव दिले. नदीकडच्या लोकांना आजींनी स्वतः हाका मारून बोलावलं.

पैशाचं विचारलं तर आजी आधी नको म्हणाल्या. मी म्हटलं, ताईंना देतो तेच देणार. मग धाकटी सून म्हणाली, पीठ तुमचं हाय, आम्हाला धा रुपये द्या. तसं ठरलं. पुढच्या चारही दिवशी अर्ध्या भाकरी ताईंच्या आणि अर्ध्या यांच्या. आता बांधकामावरचे दहा-बारा मजूर विचारतायत, रोज करून द्याल का? सुनांचं मन आहे.

अडचण तव्याची आहे. त्यांचा पत्र्याचा तवा लहान आणि मधे खोल गेलेला, भाकरी करपते. कुणाकडे मोठा बिडाचा तवा पडून असेल तर सांगा.

---

स्पष्ट_बोलू

माझ्याकडे आईचा आहे. दोन वर्षांत चुलीवर चढलेला नाही. घासून, तेल लावून रविवारी सकाळी घेऊन येतो. तिसरा खांब ना?

---

केतकी_पुणे

हो, तिसरा. आठच्या आत या, नंतर त्या फुलबाजारात जातात.